सावत्र आईच्या आजारपणांत सही कोणाची?

रुग्णालयांत रोग्याला दाखल करतांना जो छापील कागद पुढें येतो, त्यांत नांव, वय, पत्ता यांच्या खालीं एक लहानसा रकाना असतो : ‘रुग्णाशीं नातें’. बहुतेकांना तो भरावयास क्षणही लागत नाहीं. परंतु समजा, पुण्यांतील एका घरचा ४५ वर्षांचा मुलगा आपल्या ७४ वर्षांच्या आईला पहांटे तीन वाजतां घेऊन आला आहे. तो ९ वर्षांचा असतांना वडिलांनीं दुसरें लग्न केलें, आणि तेव्हांपासून तो तिला माई म्हणत आला. तिला स्वतःचें मूल झालें नाहीं. वडील निवर्तून सहा वर्षें झालीं. पक्षाघाताच्या झटक्यानें माईची उजवी बाजू लुळी पडली आहे व वाचा बंद झाली आहे. मुलगा रकान्यांत ‘मुलगा’ असें लिहितो आणि थबकतो. सकाळीं साताऱ्याहून माईचे धाकटे भाऊ येतात आणि मेजापाशीं उभे राहून सांगतात कीं, बहिणीच्या बाबतींत जें काय ठरवावयाचें तें तिच्या रक्ताचीं माणसें ठरवतील.

हें घर कल्पनेंतलें आहे. परंतु अशीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. एके काळीं बिजवराशीं लग्न होणाऱ्या स्त्रियांमुळें सावत्रपण घरोघरीं आढळे. हल्लीं विधवांचे आणि घटस्फोटितांचेही पुनर्विवाह होतात, त्यामुळें सावत्र आईप्रमाणें सावत्र वडीलही घरांत असतात. ‘सावत्र’ या शब्दाला कथाकहाण्यांतील दुष्टावा अजून चिकटलेला आहे. कायद्याला त्या दुष्टाव्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याची अडचण निराळी आहे : एका कायद्यांत सावत्र आई ही पुरी आई आहे, दुसऱ्यांत ती कांहीं अटींवर आई आहे, आणि तिसऱ्यांत तिचें नांवही नाहीं. आजारपणांत हे तिन्ही कायदे एकाच खाटेभोंवतीं गोळा होतात.

कायद्याचें पहिलें उत्तर मात्र मेजापाशीं उभ्या असलेल्या दोघांनाही न आवडणारें आहे. सही भावाची नव्हे आणि मुलाचीही नव्हे. सही माईची.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या शरीरावर कोणती चिकित्सा करावयाची, हें ठरविण्याचा अधिकार त्या माणसाचा असतो. समीरा कोहली विरुद्ध डॉक्टर प्रभा मनचंदा या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं हें स्पष्ट केलें. त्या दाव्यांतील स्त्री ४४ वर्षांची अविवाहित होती. तपासणीसाठीं तिला भूल दिली असतां डॉक्टरांनीं बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, रोगी सज्ञान होती. भूल उतरल्यावर ती स्वतः विचार करून सांगूं शकली असती. जिवाला तात्काळ धोका नव्हता. तेव्हां आईनें दिलेली संमति ही संमतिच नव्हे. जन्मदात्या आईची सही जेथें चालली नाहीं, तेथें भाऊ काय आणि सावत्र मुलगा काय!

पण माई बोलतच नाहीं, असें यावर कोणी म्हणेल. येथेंच मोठा घोटाळा होतो. उजवी बाजू लुळी पडते तेव्हां इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागांत झालेली असते, आणि बहुतेक माणसांचीं भाषेचीं केंद्रें त्याच बाजूस असतात. म्हणून बोलणें जातें. बोलणें गेलें म्हणजे समजणेंही गेलें, असें नातेवाईक धरून चालतात. गडबडींत डॉक्टरही कधीं कधीं तसेंच धरून चालतात. वस्तुतः वाचा गेलेल्या रोग्यांपैकीं पुष्कळांना समोरच्याचें बोलणें थोडें किंवा बरेंच कळत असतें. माई डाव्या हाताचें बोट उचलून होय-नाहीं सांगत असेल, आणि तोच प्रश्न उलटसुलट करून विचारला असतां तिचें उत्तर पालटत नसेल, तर तिला निर्णय घेतां येतो असें मानावयास जागा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, याच्या चौथ्या कलमांत निर्णयक्षमतेची कसोटी सांगितली आहे. दिलेली माहिती समजते कीं नाहीं, निर्णय घेतल्यास वा न घेतल्यास पुढें काय होईल हें उमगतें कीं नाहीं, आणि तो निर्णय बोलून, हावभावानें किंवा अन्य कोणत्याही खुणेनें कळवितां येतो कीं नाहीं, अशी ती कसोटी आहे. त्याच कलमांत असेंही म्हटलें आहे कीं, एखादा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो घेणाऱ्यास निर्णयक्षमता नाहीं असें ठरत नाहीं. हा कायदा मानसिक आजारांपुरता आहे. परंतु कसोटी शहाणपणाची आहे, आणि ती कोणत्याही खाटेपाशीं लावतां येण्याजोगी आहे.

म्हणून सावत्र मुलाचें पहिलें काम सही करणें हें नसून, माईला विचारलें जावें असा आग्रह धरणें हें आहे. हें काम करावयास नात्याच्या दाखल्याची गरज नाहीं. तिचा चष्मा डोळ्यांवर आहे ना, कानांतील यंत्र घरीं तर राहिलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. आडनांव, गांव, चालू महिना असे ज्यांचीं उत्तरें ठाऊक आहेत ते प्रश्न प्रथम विचारावेत आणि मग चिकित्सेचा प्रश्न लहान वाक्यांत, तिच्या नित्याच्या बोलींत विचारावा. वाचोपचार करणारा तज्ज्ञ रुग्णालयांत असल्यास त्याला बोलाविण्याची विनंति करावी. तिनें खुणेनें दिलेलें उत्तर डॉक्टरांनीं केसपेपरावर वेळेसह लिहावें, शेजारीं साक्षीदाराची सही व माईचा डाव्या हाताचा अंगठा असावा. उद्यां वाद निघाला तर मामांच्या मोठ्या आवाजापेक्षां हा अंगठा अधिक वजनदार ठरेल.

जिवावर बेतलेला प्रसंग असेल तर गोष्ट अगदीं निराळी. मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकलेली गुठळी विरघळविण्याचें औषध झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तेवढ्यांत नात्यांचा निवाडा होणें शक्य नाहीं. परमानंद कटारा यांच्या अर्जावर १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेविलें आहे कीं, तांतडीच्या प्रसंगीं जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य आहे. रोगी संमति देण्याच्या स्थितींत नसेल आणि जिच्याकडून संमति घ्यावी अशी व्यक्ति वेळेवर मिळत नसेल, तर त्याच्या हितासाठीं सद्भावानें केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या तिसाव्या कलमाचें संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पूर्वीं तेंच संरक्षण दंडसंहितेच्या ९२ व्या कलमांत होतें. ‘आधीं सख्ख्या नातेवाइकाला बोलवा’ असें म्हणून कोणी अशा वेळीं उपचार अडवूं लागला, तर सावत्र मुलानें हें निःसंकोचपणें सांगावें.

आतां खरा कठीण प्रसंग. समजा, माई पूर्ण बेशुद्ध आहे, तांतडीचा काळ उलटला आहे, आणि गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी कीं नाहीं, यांसारखा निर्णय समोर आहे. अशा वेळीं कोणाची संमति घ्यावी, याचा सर्वसाधारण आजारांसाठीं क्रम लावून देणारा कायदा भारतांत नाहीं. रुग्णालयें रूढीनें ‘जवळच्या नातेवाइका’कडे वळतात, ही जवळीक रक्तानें मोजावयाची कीं सहवासानें, हें कोठेंही लिहिलेलें नाहीं. याचा अर्थ सावत्र मुलास मज्जाव आहे असा नव्हे, आणि त्याला अग्रहक्क आहे असाही नव्हे. हीच गोष्ट भावालाही लागू. दोघांत एकमत झालें तर डॉक्टर पुढें जातात. न झालें तर बहुधा जेथल्या तेथें थांबतात, आणि त्या थांबण्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

दीर्घकाळ शुद्धीवर न येणाऱ्या माणसासाठीं पालक नेमण्याचें काम अखेर उच्च न्यायालयांनीं स्वतःकडे घेतलें आहे. केरळ उच्च न्यायालयानें २०१९ सालीं अशा नेमणुकांसाठीं नियम घालून दिले : वैद्यकीय मंडळाकडून रोग्याची तपासणी, मालमत्तेविषयीं सरकारी चौकशी, आणि नेमलेल्या पालकानें ठराविक मुदतीनें न्यायालयास हिशेब देणें. मुंबई उच्च न्यायालयानें २०२० सालीं बेशुद्धावस्थेंत असलेल्या एका गृहस्थाच्या पत्नीस पालक नेमलें. सावत्र मुलानें असा अर्ज करण्यास बंदी नाहीं. मात्र त्यानें सर्व वारसांस व जवळच्या आप्तांस अर्जांत सामील करावें, कारण लपविलेला आप्त पुढें उभा राहिला म्हणजे अर्जदाराच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेविलें जातें. न्यायालयाचा मार्ग खर्चाचा आणि वेळखाऊ आहे. तो टाळावयाचा असेल तर माई धडधाकट असतांनाच कांहीं कागद तयार झालेले असावे लागतात.

त्यांतला सर्वांत साधा कागद म्हणजे अधिकारपत्र. ‘माझ्या आजारांत माझ्या प्रकृतीची माहिती अमुक यांस द्यावी, माझे कागद त्यांस द्यावेत, आणि मला बोलतां येत नसेल तेव्हां माझी इच्छा काय होती हें त्यांस विचारावें’ एवढ्या चार ओळी, तारीख, सही आणि दोन साक्षीदार. हा कागद क्षुल्लक वाटतो. परंतु वैद्यकीय परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें रोग्यानें किंवा त्यानें अधिकार दिलेल्या माणसानें मागणी केल्यास रोग्याचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. या नियमाचा फायदा घ्यावयाचा, तर ‘अधिकार दिलेला माणूस’ आपण आहों हें दाखवितां आलें पाहिजे. अशा पत्रांत ‘सावत्र’ हा शब्द लपवूं नये. ‘माझे पति कैलासवासी अमुक यांचे पहिल्या पत्नीपासून झालेले चिरंजीव’ असें सरळ लिहावें. रुग्णालयाच्या रकान्यांतही तेंच करावें. खोटें लिहिलेलें नातें मागाहून उघड झालें, तर बरोबर केलेल्या गोष्टींवरही संशयाची सावली पडते.

त्या पहांटे मुलाच्या पुढें आणखी एक कागद येतो, त्याचीही येथेंच नोंद केलेली बरी. ‘जबाबदार व्यक्ति’ म्हणून जी सही घेतली जाते, तिचा चिकित्सेच्या संमतीशीं संबंध नसून बिलाशीं असतो. मजकूर हमीचा असेल तर सही करणारा पैशाला बांधला जातो. पुष्कळांना हा भेद बिल हातीं पडल्यावर कळतो.

यापुढचा कागद अधिक गंभीर आहे. बरें होण्याची आशा उरली नसतां केवळ यंत्राच्या बळावर श्वास चालूं ठेवावयाचा कीं नाहीं, याविषयीं माणसाला आपली इच्छा आधींच लिहून ठेवतां येते. हा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या दाव्यांत ९ मार्च २०१८ रोजीं मान्य केला. त्या वेळीं घालून दिलेली पद्धति इतकी किचकट होती कीं, ती कोणाला पाळतां येईना. दस्तऐवजावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें ती सोपी केली. आतां दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करून घेतली म्हणजे पुरे. साक्षीदार शक्यतों तिऱ्हाईत असावेत. एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची व एक घरच्या डॉक्टरकडे.

सावत्र नात्याच्या दृष्टीनें या कागदांतील मोलाची गोष्ट अशी कीं, स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यावर आपल्या वतीनें उपचार नाकारण्यास किंवा थांबविण्यास संमति कोणी द्यावी, त्या पालकाचें अथवा जवळच्या नातेवाइकाचें नांव त्यांत लिहावयाचें असतें. एकाहून अधिक नांवेंही चालतात. माईनें सावत्र मुलाचें नांव लिहिलें, तर जवळचें कोण हा वाद तिनें स्वतःच मिटविला असें होईल. अर्थात् त्या माणसाच्या सांगण्यावरून लगेच यंत्र बंद होतें असें नव्हे. उपचार करणारा डॉक्टर व त्या विषयांतील निदान पांच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचें पहिलें मंडळ मत देतें. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानें सुचविलेला डॉक्टर व आणखी दोन तज्ज्ञ यांचें दुसरें मंडळ तें तपासतें. प्रत्येक मंडळानें शक्यतों ४८ तासांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. अंमल करण्यापूर्वीं न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावें लागतें, आणि मंडळानें नकार दिल्यास उच्च न्यायालयाचें दार उघडें असतें. असा कोणताही लेख नसेल तरी हीच दोन मंडळें बसतात. मात्र तेव्हां संमति विचारली जाते ती ‘जवळच्या नातेवाइकां’ची, म्हणजे साताऱ्याचे मामा आणि पुण्याचा भाचा पुन्हां समोरासमोर येतात. हें सर्व यंत्र काढून घेण्यापुरतें किंवा तें न लावण्यापुरतें आहे, हें ध्यानांत ठेवावें. इंजेक्शन देऊन मृत्यु घडवून आणणें हा पूर्वींप्रमाणेंच गुन्हा आहे.

आजार मनाचा असेल, किंवा म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाचें स्वरूप त्यानें घेतलें असेल, तर मात्र कायदा पुष्कळ उदार आहे. वर सांगितलेल्या २०१७ च्या अधिनियमाखालीं प्रत्येक सज्ञान माणसाला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधि नेमतां येतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असें बंधन नाहीं. कोणीच नेमलेला नसेल तर आधीं नातेवाइकाचा आणि मग शुश्रूषा करणाऱ्याचा क्रम लागतो. या कायद्यांत ‘नातेवाईक’ म्हणजे रक्तानें, विवाहानें किंवा दत्तकविधानानें जोडलेला. आणि सावत्र नातें हें तर विवाहानेंच जोडलेलें नातें आहे. शिवाय रोग्याबरोबर राहून त्याची काळजी वाहणारा, मग तो पैसे घेऊन काम करणारा असो वा न घेतां, शुश्रूषा करणारा या सदरांत येतो. रोज रात्रीं उठून माईची कूस बदलणाऱ्या मुलाला या एका कायद्यानें दोन दरवाजांनीं आंत घेतलें आहे. हा प्रतिनिधि मानसिक उपचारांपुरताच असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची संमति तो देऊं शकत नाहीं.

सुशिक्षित घरांतही एक भ्रम आढळतो. ‘मुखत्यारपत्र करून ठेविलें आहे, आतां काळजी नाहीं’ असें म्हणतात. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वयें मुखत्यार देणारा मनानें असमर्थ झाला कीं मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठीं तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशीं तो निकामी होतो! इंग्लंडमध्यें मालकाची बुद्धि गेल्यावरही टिकणारें मुखत्यारपत्र करतां येतें. भारतीय कायद्यानें तशी सोय अजून केलेली नाहीं. म्हणून माईच्या उपचारांचा पैसा तिच्या खात्यांतून काढावयाचा असेल, तर दोघांपैकीं कोणासही व्यवहार करतां येईल असें संयुक्त खातें आधींच उघडणें हा व्यवहारी उपाय. माई शुद्धीवर आहे पण सही करूं शकत नाहीं, अशा वेळीं रिझर्व बँकेच्या सूचनांनुसार बँकेनें अंगठ्यावर पैसे द्यावयाचे असतात; त्याला बँकेच्या माहितीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेंतील कारकुनाला हें ठाऊक नसल्यास शाखाधिकाऱ्यास लेखी विनंति करावी.

अधिकारांच्या मागोमाग कर्तव्यें येतात, आणि येथें कायद्यांचा विसंवाद उघड दिसतो. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमांत ‘आई-वडील’ या शब्दांत अपत्यहीन सावत्र आईचा समावेश आहे. सावत्र वडिलांचा नाहीं. फौजदारी कायद्याखालच्या पोटगीबाबत, कीर्तिकांत वडोदरिया यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं मर्यादा आंखून दिली : अपत्यहीन सावत्र आई विधवा असेल, किंवा पति हयात असूनही तिला पोसण्यास असमर्थ असेल, तर तिनें सावत्र मुलाकडे पोटगी मागावी. त्या दाव्यांतील बाईंना स्वतःचे मुलगे होते व पति सुस्थितींत होता, म्हणून त्यांची मागणी टिकली नाहीं. तत्त्व मात्र टिकलें. आतां ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांत आली आहे.

याहून व्यापक असा २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम आहे. तो धर्म पाहत नाहीं, आणि त्याच्या व्याख्येंत आई-वडील म्हणजे जन्मदाते, दत्तक घेणारे आणि सावत्रही. निर्वाहांत अन्न, वस्त्र, निवारा यांच्या बरोबरीनें औषधोपचार येतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें अर्ज करावयाचा असतो. आजारी माणसाला स्वतः जातां येत नसेल, तर त्यानें अधिकार दिलेली दुसरी व्यक्ति किंवा संस्था त्याच्या वतीनें अर्ज करूं शकते. निर्वाहाची मर्यादा दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आहे. मोठ्या शहरांतील रुग्णालयाच्या खर्चापुढें ती हास्यास्पदच म्हणावी लागेल. या कायद्यांत एक फट राहून गेली आहे. ‘आई-वडील’ या शब्दांत सावत्र आहेत, परंतु ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येंत सावत्र अपत्याचा उल्लेख नाहीं. तो घालण्यासाठीं २०१९ सालीं लोकसभेंत दुरुस्ती विधेयक आलें. तें मंजूर होण्यापूर्वींच २०२४ सालीं ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपलें. ज्येष्ठ नागरिकाला सांभाळण्याची जबाबदारी अंगावर असतां त्याला कायमचें टाकून देण्याच्या हेतूनें कोठें सोडून जाणें, हा मात्र या कायद्यानें गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. येथें नातें सख्खें कीं सावत्र, हें पाहिलें जात नाहीं.

राहिला वारशाचा प्रश्न. आजाऱ्याच्या खाटेपाशीं तो काढणें अभद्र वाटतें, परंतु मेजापाशींचा तंटा पुष्कळदां तेथूनच उगवतो. हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमांत स्त्रीचा ‘मुलगा’ म्हणजे सावत्र मुलगा नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं लछमन सिंह विरुद्ध किरपा सिंह या दाव्यांत ठरविलें. तरीही अपत्यहीन विधवा मृत्युपत्र न करतां वारली, तर तिची संपत्ति पतीच्या वारसांकडे जाते, आणि पतीचा मुलगा या नात्यानें ती सावत्र मुलास मिळते. परंतु तिला स्वतःच्या आई-वडिलांकडून वारशानें मिळालेली संपत्ति असेल, तर ती वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाकडे परत जाते. तेव्हां पुण्याच्या सदनिकेंत एकाचा आणि साताऱ्याच्या शेतांत दुसऱ्याचा संबंध येतो. डॉक्टरानें ज्यांचें मत विचारलें, त्या दोघांचाही माईच्या मरणांत हितसंबंध आहे! सावत्र वडिलांची गोष्ट आणखी निराळी. पत्नीच्या पहिल्या विवाहाची मुलगी त्यांची वारस होत नाहीं; तिनें दहा वर्षें त्यांची सेवा केली असली, तरी मृत्युपत्रावांचून तिला कांहीं मिळत नाहीं.

म्हणूनच शुश्रूषा करणाऱ्या सावत्र मुलानें आजारपणाच्या काळांत बक्षीसपत्र लिहून घेण्याच्या फंदांत पडूं नये. वय किंवा आजार यांनीं ज्याची मति क्षीण झाली आहे, अशाशीं केलेल्या व्यवहारांत गैरवाजवी दडपण होतें असा आक्षेप करार कायद्याच्या सोळाव्या कलमान्वयें घेतां येतो, आणि व्यवहार वरकरणी अन्यायाचा दिसल्यास दडपण नव्हतें हें सिद्ध करण्याचा बोजा लाभ घेणाऱ्यावर पडतो. मृत्युपत्रांतही, ज्याला मोठा लाभ होतो त्यानेंच तें करण्यांत पुढाकार घेतला असेल, तर त्याला संशयाचें निरसन करावें लागतें, असें न्यायालयें १९५९ पासून सांगत आलीं आहेत. माईला कांहीं द्यावयाचेंच असेल तर तिनें बऱ्या दिवसांत, आपल्या वकिलाकडून, मुलगा दुसऱ्या खोलींत असतांना लिहावें. मुलानें औषधांच्या पावत्या, परिचारिकेचा पगार, खात्यांतून काढलेली रक्कम यांची वही ठेवावी. ती वही मामांना दाखविण्याची वेळ आली, तर तांबडतोब दाखवावी. तंटे पुष्कळदां हिशेबाच्या अभावीं वाढतात.

अवयवदानाच्या बाबतींतही सावत्र नात्याला एक वळसा पडतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्यांत ‘जवळचे नातेवाईक’ कोण याची यादी दिलेली आहे. पति-पत्नी, मुलगे-मुली, आई-वडील, भावंडें, आजी-आजोबा व नातवंडें एवढी ती यादी आहे. सावत्र नात्याचा तींत निराळा उल्लेख नाहीं. सावत्र आईस मूत्रपिंड देऊं इच्छिणाऱ्या मुलाला जिव्हाळ्याच्या संबंधाखालीं प्राधिकार समितीपुढें जाऊन परवानगी मागावी लागेल, असें धरून तयारी ठेवावी.

वर सांगितलेले सर्व कागद माईला बुद्धि शाबूत असेपर्यंत केव्हांही बदलतां किंवा रद्द करतां येतात. त्यासाठीं मुलाची संमति लागत नाहीं आणि कारणही सांगावें लागत नाहीं. रद्द केल्यास नव्या कागदावर तशी तारखेसह नोंद करावी, आणि घरचे डॉक्टर, बँक व पालिकेचा अधिकारी यांच्याकडील जुन्या प्रती परत मागून घ्याव्यात. चालू कागदांची एक प्रत कपाटांतील दागिन्यांच्या डब्यांत न ठेवतां, घाईनें रुग्णालयांत जातांना जी पिशवी उचलली जाते, तींत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवावी.